विद्युत् उद्योगाचे खाजगीकरण, महाराष्ट्रातील

राज्याच्या मालकीच्या वीजनिर्मिती, पारेषण वा वितरण व्यवस्थेची मालकी किंवा व्यवस्थापन खाजगी संस्थेकडे सोपविण्याची प्रक्रिया. भागभांडवलाची विक्री, ठराविक मुदतीचा वितरण-मक्ता (फ्रँचायझी), एकाच क्षेत्रात दुसऱ्या कंपनीला दिलेला समांतर परवाना आणि खाजगी निर्मितिकेंद्राकडून दीर्घ मुदतीची वीजखरेदी हे तिचे प्रमुख प्रकार होत. महाराष्ट्रात या प्रश्नाला एक विशेष पार्श्वभूमी आहे. येथील मोठ्या प्रमाणावरील वीजनिर्मिती प्रथम खाजगी भांडवलातून उभी राहिली आणि तिचा पाया पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, लोणावळ्याच्या परिसरात घातला गेला. खाजगी कंपनी कोणते काम समर्थपणे करू शकते आणि कोणते काम तिच्या कक्षेबाहेर राहते, हे समजून घेण्यास या परिसराचा इतिहास उपयुक्त ठरतो.

खाजगी प्रारंभ : सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचे पाणी साठवून ते कोकणाच्या बाजूस सोडावे व त्यापासून मुंबईतील गिरण्यांसाठी वीज निर्माण करावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनी उचलून धरली. त्यांच्या मृत्यूनंतर (१९०४) ती सर दोराबजी टाटा यांच्या काळात मूर्त स्वरूपास आली. १९१० मध्ये ‘टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी’ स्थापन झाली. तिचे भांडवल भारतातच उभारण्यात आले व त्यात संस्थानिकांचाही वाटा होता. वळवण धरणाची कोनशिला ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांनी बसविली. वळवण, लोणावळे व शिरवटा या तलावांचे पाणी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून नळांवाटे घाटाखाली नेण्यात आले आणि १९१५ मध्ये खोपोली येथील केंद्र सुरू झाले. पुढे आंदर मावळातील ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरी (१९२२) व मुळशीच्या पाण्यावर भिरा (१९२७) ही केंद्रे उभी राहिली. या तिन्ही कंपन्या २००० मध्ये ‘टाटा पॉवर’ या एका कंपनीत विलीन झाल्या.

या योजनांमुळे मुंबईच्या गिरण्यांचे कोळशावरील अवलंबन कमी झाले. तथापि हा उद्योग केवळ खाजगी बळावर उभा राहिला, असे म्हणता येत नाही. धरणांखाली जाणारी जमीन सरकारने १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यान्वये कंपनीसाठी संपादन केली. पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचे पाणी पश्चिमेकडे वळविण्यासही शासनाची अनुमती होती. मावळच्या लगत असलेल्या मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात या संपादनाविरुद्ध सत्याग्रह केला; तो अयशस्वी ठरला व धरण पूर्ण झाले. जमीन व पाणी मावळ्यांचे, भांडवल व लाभ अन्यत्रचे, ही या लढ्यातील तक्रार होती. या केंद्रांतील विजेचा मुख्य ग्राहक मुंबई हाच राहिला. घाटमाथ्यावरून गेलेल्या तारा ज्या वाड्यावस्त्यांच्या आसपास होत्या, तेथे वीज पोहोचविणे हे कंपनीचे काम नव्हते व तसे बंधनही तिच्यावर नव्हते.

राज्य विद्युत् मंडळ : ही उणीव भरून काढण्यासाठी १९४८ च्या विद्युत् (पुरवठा) अधिनियमाने राज्य विद्युत् मंडळांची तरतूद केली. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने विजेची नवी निर्मिती मुख्यतः शासनाकडे राखून ठेवली. मात्र अस्तित्वात असलेल्या खाजगी कंपन्या चालू राहिल्या. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. कोयनेच्या जलविद्युत् प्रकल्पाने व पुढे औष्णिक केंद्रांनी त्याला बळ दिले. राज्यातील खेड्यांचे विद्युतीकरण हे प्रामुख्याने या मंडळाचे कार्य होय. आंदर, नाणे व पवन या तिन्ही मावळांतील विखुरलेल्या गावांना वीज देण्यातून खर्च भरून निघण्याजोगे उत्पन्न मिळणे शक्य नव्हते. हा तोटा उद्योग व व्यापारी ग्राहकांकडून जादा दर घेऊन भरून काढण्यात येई. या आंतर-अनुदानावर ग्रामीण पुरवठ्याची सर्व रचना आधारलेली होती.

याच रचनेत मंडळाच्या दुर्बलतेची बीजेही होती. शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीनुसार ठोक दराने आकारणी केल्यामुळे प्रत्यक्ष वापर मोजला जात नसे. त्यामुळे तारांतील गळती, चोरी व शेतीचा खरा वापर यांत भेद करणे कठीण झाले. थकबाकीची वसुली राजकीय निर्णयांवर अवलंबून राहिली व नव्या केंद्रांसाठी भांडवल उरले नाही.

दाभोळचा अनुभव : १९९१ मध्ये केंद्र शासनाने वीजनिर्मिती खाजगी व परदेशी भांडवलास खुली केली. एन्‌रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकाराने रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळ प्रकल्पाची योजना झाली व मंडळाने १९९३ मध्ये तिच्याशी वीजखरेदीचा करार केला. १९९५ मध्ये नव्या शासनाने तो रद्द केला; १९९६ मध्ये तो बदलून पुन्हा मान्य करण्यात आला. १९९९ मध्ये निर्मिती सुरू झाली. परंतु परकीय चलन व इंधन यांच्या किंमतींशी निगडित असलेला दर, तसेच वीज घेतली वा न घेतली तरी द्यावयाचा स्थिर आकार मंडळास पेलला नाही. मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबविली व केंद्र बंद पडले. डिसेंबर २००१ मध्ये एन्‌रॉन कंपनी दिवाळखोरीत गेली. मागणी व इंधन यांविषयीचा सर्व धोका सार्वजनिक ग्राहकावर ठेवून केवळ मालकी खाजगी केल्यास लाभ होत नाही, हा या प्रकरणाचा धडा होय.

विभाजन व वितरण-मक्ते : राज्य वीज नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाल्यावर दर ठरविण्याचे अधिकार त्याच्याकडे गेले. विद्युत् अधिनियम, २००३ अन्वये ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन एक सूत्रधारी कंपनी आणि महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या तीन कंपन्या अस्तित्वात आल्या. त्यांची मालकी शासनाकडेच राहिली. ‘विभाजन’ व ‘खाजगीकरण’ या दोन संज्ञा जनमानसात अनेकदा एकच मानल्या जातात. वस्तुतः त्या भिन्न आहेत.

महावितरणने जानेवारी २००७ पासून भिवंडी येथील वितरण टॉरेंट कंपनीकडे मक्त्याने दिले. यंत्रमागांच्या या शहरात गळती मोठ्या प्रमाणावर घटली व वसुली सुधारली. नागपूर, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) व जळगाव येथे २०११ मध्ये दिलेले मक्ते मात्र टिकले नाहीत. औरंगाबादचा २०१४ मध्ये, जळगावचा २०१५ मध्ये व नागपूरचा २०१९ मध्ये संपुष्टात आला. २०२० मध्ये मुंब्रा-कळवा-शीळ व मालेगाव येथे नवे मक्ते सुरू झाले. हे सर्व दाट वस्तीचे नागरी विभाग आहेत, ही बाब लक्षणीय आहे. भारतात अन्यत्रही असाच संमिश्र अनुभव आला. दिल्लीत २००२ मध्ये वितरणाचे ५१ टक्के भांडवल खाजगी कंपन्यांकडे गेल्यावर गळती कमी झाली. ओडिशात १९९९ मध्ये झालेले खाजगीकरण अपयशी ठरले व २०२०-२१ मध्ये तेथील वितरण टाटा पॉवरकडे नव्याने सोपवावे लागले.

समांतर परवाना : अदानी समूहाच्या कंपनीने भांडुप परिमंडळातील मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण इ. भागांसाठी समांतर वितरण परवाना मागितल्यावर तिन्ही सरकारी वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यव्यापी संप पुकारला. कंपन्यांचे खाजगीकरण करण्यात येणार नाही, असे आश्वासन शासनाने दिल्यावर तो त्याच दिवशी मागे घेण्यात आला. कर्मचाऱ्यांच्या विरोधात नोकरीच्या सुरक्षिततेचा भाग असला, तरी त्यातील आर्थिक मुद्दा स्वतंत्रपणे विचारात घेण्याजोगा आहे. जादा दर देणारे औद्योगिक व व्यापारी ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे गेले, तर आंतर-अनुदानाचा स्रोत आटतो आणि शेतीपंप व दूरच्या वस्त्या सरकारी कंपनीकडे उरतात. २००३ च्या अधिनियमाने मोठ्या ग्राहकांवर यासाठी अधिभाराची तरतूद केली आहे. तो किती असावा, हाच वादाचा विषय राहिला आहे.

मूल्यमापन : मावळ तालुक्यात हे दोन्ही प्रवाह शेजारी-शेजारी दिसतात. तलाव व जलविद्युत् योजना खाजगी कंपनीच्या, तर खेड्यांतील वितरण महावितरणचे. तळेगावच्या परिसरातील औद्योगिक वसाहती आणि डोंगरातील वाड्या एकाच दररचनेने जोडलेल्या आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने शिरवटा (१,८०० मेगॅवॉट) व भिवपुरी (१,००० मेगॅवॉट) येथे उदंचित जलविद्युत् प्रकल्प उभारण्याबाबत राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. सौरऊर्जेच्या वाढत्या वापरात अशा साठवणुकीला महत्त्व आहे व त्यामुळे या परिसरातील पाणी पुन्हा एकदा राज्याच्या वीजव्यवस्थेच्या केंद्रस्थानी आले आहे.

एका शतकाहून अधिक काळाच्या या इतिहासावरून असे दिसते, की तांत्रिक धाडस व कार्यक्षमता खाजगी उद्योगात आढळते; परंतु न परवडणाऱ्या ग्राहकाला वीज देण्याचे दायित्व तो आपण होऊन स्वीकारत नाही. सरकारी मंडळाने ते दायित्व स्वीकारले, पण त्याचा हिशोब नीट ठेवला नाही. म्हणून मालकी कोणाची, या प्रश्नाइतकेच हे दायित्व कोणावर व त्याचा खर्च कोणाच्या माथी, हे करारात व दरपत्रकात स्पष्ट करणे आवश्यक ठरते. जेथे ते स्पष्ट नव्हते, तेथे त्याची किंमत प्रथम मुळशीच्या शेतकऱ्यांनी आणि पुढे सर्वसामान्य वीजग्राहकांनी मोजली.