पिछाडीची तीन स्टेशनं

परवा माळा आवरताना सीडींचा जुना डबा सापडला. पॅन्झर जनरल (१९९४), स्टील पँथर्स (१९९५), क्लोज कॉम्बॅट, कॉम्बॅट मिशन (२०००)... बऱ्याचशा उल्हासनगरच्या कॅम्पातून आणलेल्या, म्हणजे अस्सल 'मेड इन यूएसए'. विनोद माहीत नसलेल्यांसाठी: उल्हासनगर सिंधी असोसिएशन!

मला या लढायांच्या गेम्सचं वेड होतं. (बायको म्हणते, 'होतं' नाही, 'आहे' लिही.) लोकांना वाटतं सगळ्या सारख्याच, नुसती धडाधड. छे! पॅन्झर जनरलमध्ये षटकोनी घरांवर बुद्धिबळासारखी आळीपाळीने चाल. क्लोज कॉम्बॅटमधला सैनिक घाबरतो; आपण पुढे जा म्हणावं आणि हा भिंतीआड आडवा! माझी सर्वात लाडकी कॉम्बॅट मिशन. दोघांनी आपापले हुकूम ठरवायचे आणि मग साठ सेकंद हाताची घडी घालून काय होईल ते बघायचं. १८२४ साली प्रशियातल्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने फौजी अधिकाऱ्यांसाठी नकाशावरचा युद्धखेळ काढला, त्यातही खेळाडूने हुकूम द्यायचे आणि निकाल पंचाने. इथे पंच म्हणजे कॉम्प्युटर, एवढाच फरक.

एका रविवारी आमचे आण्णा (थोरले काका) मागे येऊन उभे राहिले. आण्णांची सगळी नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये गेली. आत काय बनतं ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. स्क्रीनवर माझ्या रणगाड्याचा दारूगोळा संपला होता. मी सप्लायचं बटण दाबलं, आकडा परत भरला.

"हा कुठून आला?" आण्णा.

"सप्लाय केला ना."

"ते दिसलं. पण आणला कोणी?"

मला उत्तर देता येईना. एक चाल जागेवर थांबलं की मिळतो, असं काहीतरी म्हणालो. आण्णा हसले आणि चहाला गेले.

ते डोक्यात राहिलं, आणि मग आपलंच गाव वेगळं दिसायला लागलं. कॅम्प एक ते पाच आपण रोज म्हणतो, पण कसला कॅम्प? दुसऱ्या महायुद्धातला कल्याणचा लष्करी ट्रान्झिट कॅम्प. आघाडीवर जाणारे आणि तिथून परतणारे सैनिक इथे मुक्कामाला. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये लाखभर सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगर हे नाव पडलं. अजूनही पत्त्यात बराक नंबर लिहितात. माझा वर्गमित्र ज्या खोलीत जन्मला तिथे आधी कुठला तरी सोल्जर बोटीची वाट बघत पडला असणार! पुढचं स्टेशन अंबरनाथ, तिथे आण्णांची फॅक्टरी. त्यापुढे बदलापूर, मराठी फौजा इथे घोडे बदलत म्हणून ते नाव, असं सांगतात. खरं-खोटं सोडा, पण लोकलची लागोपाठ तीन स्टेशनं, आणि तिन्ही लढाईच्या पिछाडीची. माझ्या डब्यातल्या एकाही गेममध्ये असलं गाव नव्हतं.

मराठा पलटणही मला कधी खेळायला मिळाली नाही. मग वाचायला लागलो. नाईक यशवंत घाडगे, माणगावकडचे, म्हणजे शेजारच्या रायगड जिल्ह्यातले. तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटलीतलं वरचं टायबर खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जायबंदी झाले. घाडगे एकटे धावले, ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळच नव्हता, म्हणून टॉमी गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून मारलं. तिथेच स्नायपरच्या गोळ्यांनी ते पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मी हे आण्णांना वाचून दाखवलं. तोवर ते रिटायर झाले होते. शेवटपर्यंत गप्प ऐकत होते. मग म्हणाले,

"मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, की मॅगझिनच नव्हतं?"

"वेळ नव्हता, असं लिहिलंय."

"नीट बघ."

मी परत तेच वाक्य वाचलं. आण्णांनी मान हलवली आणि चष्मा पुसत बसले.