सोयाबीन तेल : पर्यावरणीय जीवनचक्र (लातूर-नांदेड)

सोयाबीन तेल, पर्यावरणीय जीवनचक्र : एखादी वस्तू मातीतून घरात आणि घरातून कचऱ्यात जाईपर्यंत जमीन, पाणी, इंधन व रसायने किती खाते आणि मागे काय सोडते, याचा हिशेब म्हणजे तिचे पर्यावरणीय जीवनचक्र. अमेरिकेत १९६९ मध्ये कोका-कोला कंपनीने आपल्या बाटल्या-डब्यांचा असा हिशेब मांडून घेतला. या शास्त्राची सुरुवात बहुधा तिथपासून धरतात. १९९७ मध्ये त्यासाठी आयएसओ १४०४० हे मानक आले. प्रस्तुत नोंद लातूर-नांदेड भागातल्या स्वयंपाकघरातील एकाच वस्तूची आहे : सोयाबीन तेलाची एक लिटरची पिशवी. शेत, आडत, कारखाना आणि कढई एवढ्या जवळजवळ असलेली घरगुती वस्तू मराठवाड्यात दुसरी शोधावी लागेल.

पिशवीत सुमारे ९१० ग्रॅम तेल असते. दाण्यात तेलाचे प्रमाण १८ ते २० टक्के, म्हणजे एका पिशवीला जवळपास ५ किलो सोयाबीन लागते. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल उतारा धरला तर हे ५ किलो साधारण अर्ध्या गुंठ्यात पिकतात. महिन्याला चार पिशव्या लागणाऱ्या घरासाठी वर्षाला २४ गुंठे, म्हणजे अर्ध्या एकराहून जास्त रान, नुसत्या फोडणी-तळणासाठी राबते.

सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात. म्हणून शिफारशीत नत्र कमी आणि स्फुरद जास्त असते : हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश. अर्ध्या गुंठ्याच्या वाट्याला यातले सुमारे ३०० ग्रॅम स्फुरद येते. ते बहुतांशी डीएपीच्या पोत्यातून येते, आणि त्यामागचा खनिज फॉस्फेट मोठ्या प्रमाणात मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतल्या खाणींतून. औसा किंवा मुखेड तालुक्यातल्या काळ्या रानात पिकलेले तेलही या अर्थाने पूर्ण गावठी नसते.

त्यावर तणनाशक, आणि खोडमाशी, चक्री भुंगा, पाने खाणाऱ्या अळ्या यांसाठी फवारण्या. जुलै २०२२ मध्ये लातूर, बीड व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी उगवते पीक फस्त केले. लोकांनी बांधाला ओली पोती टाकून गोगलगायी वेचल्या, मिठाच्या पाण्यात बुडवल्या, विषारी गोळ्या टाकल्या. तरी अनेक ठिकाणी दुबार पेरणी करावी लागली. दुबार पेरणी म्हणजे तेवढ्याच तेलासाठी दुप्पट बियाणे आणि पुन्हा एकदा ट्रॅक्टरचे डिझेल. सरासरी काढणाऱ्या तक्त्यांत हे सहसा दिसत नाही, आणि मराठवाड्यात तर सरासरीचे वर्ष क्वचितच उजाडते.

जमिनीच्या बाजूने जमाही आहे. काढणीपूर्वी पाला गळून रानातच कुजतो. मळणीनंतरची गुळी जनावरांपुढे जाते. बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) घालून ठेवलेले सोयाबीन परतीच्या पावसात भिजले तर मात्र दाणा डागी होतो, आणि मागची सारी मेहनत, खत आणि डिझेल वाया जाते. बाजारात १० टक्के ओलावा, २ टक्के माती-काडीकचरा, २ टक्के डागी ही व्यापारी अट पाळायची म्हणून माल ताडपत्रीवर उन्हात पसरतात. साऱ्या प्रवासात इंधन न लागणारी प्रक्रिया बहुधा हीच.

लातूरचा आडत बाजार राज्यातल्या मोठ्या सोयाबीन बाजारांपैकी एक आहे. तिथल्या सौद्यातून माल परिसरातल्या कारखान्यांत जातो. दाणा भरडून त्याचे पातळ पापुद्रे करतात आणि ते हेक्झेनने धुऊन तेल ओढून घेतात. हेक्झेन पेट्रोलियमपासूनच येते. ते तापवून परत मिळवतात, पण थोडे हवेत उडतेच. पुढे कॉस्टिक सोड्याने आम्लता काढणे, मातीसारख्या शोषकाने रंग उतरवणे आणि दोनशे अंशांच्या वर निर्वातात वाफ सोडून वास घालवणे. वाफेसाठी बॉयलर पेटता ठेवावा लागतो. कॉस्टिकच्या टप्प्यात निघणारा चोथा साबणाच्या कारखान्यात जातो, म्हणजे एका वस्तूचा टाकाऊ भाग दुसऱ्या घरगुती वस्तूचा कच्चा माल होतो.

हिशेबाचा खरा वाद इथे आहे. ५ किलो दाण्यातून तेल निघते ९०० ग्रॅमच्या आसपास. उरलेली सुमारे ४ किलो पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. मग अर्ध्या गुंठ्याचा भार तेलावर किती टाकायचा? वजनाने वाटला तर तेलावर पाचव्या हिश्शाहूनही कमी येतो. किमतीने वाटला तर तेलाचा वाटा बराच वाढतो, कारण किलोमागे तेल पेंडीपेक्षा कितीतरी महाग असते. दोन्ही पद्धती मान्य आहेत. त्यामुळे ‘एका लिटरमागे इतके पाणी’ असा ठणठणीत आकडा दिसला की वाटणी कशाने केली, हे आधी विचारावे.

पाण्याचेच पाहू. हंगामात ४५० मिलिमीटर पाणी लागते असे धरले तर अर्ध्या गुंठ्यावर साधारण २२,५०० लिटर होते; वजनाच्या वाटणीने तेलाच्या पदरात सुमारे ४,००० लिटर. आकडा छाती दडपणारा आहे, पण हे पाणी पावसाचे, रानात पडलेले आणि पिकाने तिथेच उचललेले. त्यासाठी धरणाचे दार उघडावे लागले नाही. तेलकट कढई घासायला लागणाऱ्या बादलीभर पाण्याची गोष्ट वेगळी. ते पाणी लातुरात मांजरा नदीवरच्या धनेगावच्या धरणातून येते. २०१६ मध्ये हे धरण आटले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली ‘जलदूत’ रेल्वे लातूरला पोचली. पावसाचे लिटर आणि वाघिणीतले लिटर एकाच रकान्यात बेरजेला धरणे चूक आहे. या भागात बादलीचा भार जास्त.

पिशवीवर सर्वांचा रोख असतो, पण ती काही ग्रॅमची आणि जीवनचक्रात त्या मानाने हलकी. तिचा दोष दुसरा : प्लास्टिकचे अनेक थर एकमेकांना चिकटलेले आणि आत तेलाचा ओशटपणा, त्यामुळे भंगारवाल्याला ती नको असते. पत्र्याचा १५ किलोचा डबा याच्या उलट. त्याला बनवायला धातू व ऊर्जा जास्त लागते, मात्र रिकामा झाल्यावर तो ज्वारी-डाळी ठेवायला लागतो, कडी लावून पाणी भरायला लागतो, आणि गंजला की भंगारात विकला जातो. वापरलेल्या डब्यात पुन्हा खाद्यतेल भरून विकायला मात्र अन्नसुरक्षा नियमांची मनाई आहे.

घरात तळणाचे तेल फारसे फेकले जात नाही; दुसऱ्या दिवशीच्या फोडणीत मुरते. प्रश्न खानावळींचा, भज्यांच्या गाड्यांचा आणि शिकवण्यांसाठी लातूर-नांदेडात राहणाऱ्या हजारो मुलांच्या मेसचा आहे. १ जुलै २०१८ पासून तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते वापरता येत नाही. असे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची ‘रुको’ योजनाही त्याच वर्षी आली. मोरीत ओतलेले तेल नळीत चिकटून बसते, नाल्यात जाते. नांदेडचे नाले गोदावरीला मिळतात.

पूर्वी इथल्या घरांत करडई व शेंगदाण्याचे घाण्यावरचे तेल असे. करडई रब्बीत, जमिनीत राहिलेल्या ओलीवर येते. खरिपातल्या पिकानंतर त्याच रानात घेता येते, हा तिचा मोठा गुण. पण घाण्याच्या पेंडीत बरेच तेल राहून जाते, म्हणून घाण्याचे तेल आपोआप कमी भाराचे ठरते असे म्हणता येत नाही.

भारत गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो. त्यात सोयाबीनचे तेल मुख्यतः अर्जेंटिना व ब्राझीलमधून येते. लातूरच्या दुकानातल्या पिशवीतही ते असू शकते. तसे असेल तर वरचा अर्धा गुंठा औशातला नसून दक्षिण अमेरिकेतला धरावा लागतो आणि त्यात जहाजाचे इंधन मिळवावे लागते. पिशवीवर तेल भरणाऱ्याचा पत्ता असतो; दाणा कुठल्या शेतातला हे छापलेले नसते.