अंगणातली खडी मोजायची कशी?

स्वतःच्या अंगणात किती फरशी घालावी हे सरकारने का सांगावे? अमेरिकेतील मेरीलँड राज्यात या प्रश्नाची सुरुवात चेसापीकच्या खाडीपासून झाली.

खाडीच्या तळाशी वाढणारे गवत नाहीसे होत होते. खेकड्यांची आणि माशांची पिल्ले त्याच गवतात आसरा घेतात. जमिनीवरून वाहून येणारा नायट्रोजन, फॉस्फरस आणि गाळ यांमुळे खाडी बिघडते आहे, असे केंद्र सरकारच्या पाहणीतून १९८३ मध्ये पुढे आले. राज्याने १९८४ मध्ये कायदा केला आणि भरतीच्या पाण्याच्या काठापासून १००० फुटांच्या पट्ट्यातील बांधकामावर बंधने आली. त्यातील विरळ वस्तीच्या भागात प्लॉटचा १५ टक्क्यांहून अधिक भाग पाणी न मुरणाऱ्या पृष्ठभागाखाली नसावा, असे ठरले. जुन्या लहान प्लॉटना २५ टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली.

एका घराने असा काय फरक पडतो? १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर १००० लिटर पाणी जमा होते. मातीवर पडले असते तर त्यातले बरेच मुरले असते. फरशीवरून ते धूळ, तेल आणि बागेतले खत घेऊन थेट उताराला लागते.

खरी पंचाईत व्याख्येची होती. खडीतून पाणी झिरपते, मग ती 'न मुरणारी' कशी? प्रश्न रास्त आहे. पण रोज मोटार गेली की खडी आणि खालची माती दबून घट्ट होते. प्रत्येक अंगणात पाणी ओतून कोण पाहणार? २००८ मध्ये राज्याने कायद्यातला शब्दच बदलला. 'पाणी न मुरणारा पृष्ठभाग' जाऊन 'प्लॉटवरील आच्छादन' आले. घर, मोटारीची वाट, खडी, शिंपले, इतकेच नव्हे तर पाणी झिरपू देणारी खास फरसबंदीही त्यात धरली गेली. लाकडाच्या ढलप्यांची पायवाट मात्र वगळली, आणि फळ्यांमधल्या फटींतून पाणी मोकळे खाली जाऊ देणारा लाकडी ओटाही.

आम्हाला हा बदल अर्धाच पटतो. मोजायला आता टेप पुरतो हे खरे, पण झिरपणारी फरशी घालणाऱ्याच्या पदरात काय पडले?

शाळेच्या मैदानावर हे करून पाहता येईल. पत्र्याच्या डब्याचा तळ कापून तो आधी झाडाखाली, मग मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर दोन इंच रुतवावा, लिटरभर पाणी ओतावे आणि ते मुरायला लागणारा वेळ मोजावा. वाटेवर डबा रुतवतानाच उत्तराचा अंदाज येऊ लागतो.