एका ताऱ्याचे दोन ठिपके

लुईस मॉरिस रदरफर्ड शिक्षणानं वकील. घरची सुबत्ता होती, त्यामुळे वकिली त्यानं लवकरच गुंडाळली आणि न्यूयॉर्कमध्ये राहत्या घराच्या बागेत वेधशाळा बांधली. आजचे हौशी लोक खुल्या तारकागुच्छांचे फोटो काढताना जे उपद्व्याप करतात, त्यातले कितीतरी याच बागेत आधी होऊन गेले आहेत.

ताऱ्याचा पहिला फोटो हार्वर्डच्या वेधशाळेत १८५० साली निघाला होता. तो अभिजितचा. एवढ्या तेजस्वी ताऱ्यालाही १०० सेकंद द्यावे लागले. रदरफर्डला हवे होते गुच्छ, म्हणजे अभिजितच्या शेकडो पट मंद ताऱ्यांची दाटी. अडचण भिंगातच होती. दुर्बिणीचं भिंग घासतात ते डोळ्यासाठी, आणि डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला तिखट. फोटोची काच मात्र निळा-जांभळा प्रकाश टिपायची. डोळ्याला टोकदार दिसणारा तारा काचेवर पसरट उमटे. मग या गृहस्थानं वर्णपटदर्शकानं तपासत तपासत सव्वाअकरा इंचांचं भिंग निळ्या-जांभळ्या प्रकाशासाठीच तयार करवलं. १८६४ च्या अखेरीस ते पुरं झालं. त्याला डोळा लावला तर धड काही दिसत नसे. इतका खर्च करून डोळ्याला निरुपयोगी दुर्बीण बाळगणारा माणूस शेजाऱ्यांना कसा वाटला असेल!

१८६५ च्या मार्चमध्ये त्यानं ती पुष्य नक्षत्रातल्या गुच्छावर रोखली. एक चौरस अंशात २३ तारे उमटले, आणि त्यातले बरेच नवव्या प्रतीचे. नुसत्या डोळ्याची धाव सहाव्या प्रतीशी संपते.

पण काचेवरचा बारीक ठिपका ताराच आहे कशावरून? काचेवर कोलोडियन ओतायचं, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच दुर्बिणीला लावायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची, असा तो सगळा घाईचा मामला. त्यात धुळीचा कण बसतो, बुडबुडा राहतो, चांदीचा कण चिकटतो. चंद्राच्या फोटोत असा डाग लगेच कळतो, कारण चंद्राला आकार आहे. खुल्या गुच्छात ठिपक्यांशिवाय दुसरं काही नसतंच.

रदरफर्डची युक्ती अशी: एकाच काचेवर दोनदा फोटो घ्यायचा, मध्ये दुर्बीण किंचित सरकवायची. प्रत्येक तारा जोडीनं उमटतो. सगळ्या जोड्यांतलं अंतर सारखं, दिशाही सारखी. एकटा ठिपका दिसला की तो कचरा. शेवटी दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारं घड्याळयंत्र बंद करायचं, म्हणजे ठळक तारा काचेवर रेघ ओढत जातो आणि पूर्व-पश्चिम कुठे ते कळतं. मला या सगळ्या कुळकथेत ही रेघच सर्वांत आवडते. आज जी रेघ आली की फोटो टाकून देतात, ती त्यानं मुद्दाम काढून घेतली.

कारण त्याला सुंदर फोटो नकोच होता, मापं हवी होती. कृत्तिकांच्या काचांवरून घेतलेली मापं खगोलशास्त्रज्ञ बेंजामिन गूल्डनं जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलच्या मापांशी ताडून पाहिली. बेसेलनं कृत्तिकांतले ५३ तारे दुर्बिणीला डोळा लावून एकेक करून मोजले होते. काही मिनिटांत घेतलेली काच त्या मापांच्या बरोबरीला उतरली.

पुढे कोरड्या काचा आल्या. त्यांची कल्पना १८७१ साली मांडणारा रिचर्ड मॅडॉक्स हा इंग्रज डॉक्टर. कोरडी काच वाळायची भीती नाही, त्यामुळे तासन्‌तास उघडी ठेवता येऊ लागली. पॅरिसच्या आंरी बंधूंना १६ नोव्हेंबर १८८५ रोजी कृत्तिकांतल्या माया ताऱ्याभोवती पुसट ढग उमटलेला दिसला. पुन्हा तोच प्रश्न, डाग की खरं? दुसऱ्या काचांवरही तो आला, आणि पुढच्या वर्षी रशियातल्या पुल्कोवो वेधशाळेच्या ३० इंची दुर्बिणीतून डोळ्यांनीही दिसला. त्याआधी १८५९ मध्ये टेंपेल या शिळाछापाच्या कारागिरानं व्हेनिसहून मेरोपी ताऱ्यापाशी असाच ढग पाहिला होता, आणि तो आहे की नाही यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला होता. १८८६ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स या लिव्हरपूलच्या इमारत कंत्राटदारानं तीन तासांच्या फोटोत ढगांचा पसारा दाखवला. १९१२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ स्लायफरनं वर्णपट घेतला तेव्हा कळलं की ढगाचा प्रकाश ताऱ्यांचाच, परावर्तित झालेला. म्हणजे ती धूळच होती, फक्त काचेवरची नव्हे.

१८८७ च्या पॅरिस परिषदेत साऱ्या आकाशाचा नकाशा फोटोंतून करायचं ठरलं. त्याच्या काचांवर प्रत्येक ताऱ्याचे तीन ठिपके इवल्याशा त्रिकोणात येत. रदरफर्डच्या जोडीत एक भर पडली, इतकंच. या कामातला दक्षिण आकाशाचा -१७ ते -२३ अंशांचा पट्टा हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला. ती स्थापन केली नवाब जफर जंग यांनी, तेही हौसेपोटी. लुब्धकाच्या खालचा एम-४१ हा देखणा गुच्छ याच पट्ट्यात पडतो.

फिल्मच्या काळात हौशी मंडळींनी एकच लांबलचक एक्स्पोजर द्यायला सुरुवात केली आणि ही युक्ती मागे पडली. डिजिटल कॅमेऱ्यानं ती परत आणली. सेन्सरचे काही पिक्सेल अंधारातही उजळतात, त्यांना हॉट पिक्सेल म्हणतात. गुच्छाच्या फोटोत ते हुबेहूब ताऱ्यांसारखे दिसतात. म्हणून आता दोन-दोन मिनिटांचे पंचवीस-तीस फोटो घ्यायचे आणि मध्ये मध्ये दुर्बिणीचा माउंट काही पिक्सेल इकडे तिकडे सरकवायचा. याला डिदरिंग म्हणतात. फोटो एकमेकांवर रचणारं स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर तारे ताऱ्यांवर बसवतं, मग हॉट पिक्सेल प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतो आणि गाळला जातो. रदरफर्डकडे तारा सरकायचा आणि कचरा जागीच राहायचा, इथे उलट.

आपल्याकडे याची खरी गरज एप्रिल-मेमध्ये पडते. तेव्हा रात्री वर येणाऱ्या वृश्चिकाच्या नांगीपाशी एम-६ आणि एम-७ हे दोन गुच्छ आहेत. न्यूयॉर्कहून एम-७ क्षितिजापासून जेमतेम १४-१५ अंश वर येतो, पुण्याहून ३६ अंशांच्याही वर. पण तेव्हाच्या रात्री उकाड्याच्या असतात. सेन्सर सहा-सात अंशांनी तापला की त्यातला अंधारातला प्रवाह साधारण दुप्पट होतो. कूलिंग नसलेला डीएसएलआर वापरणाऱ्यानं तिथे प्रत्येक फोटोनंतर सरकवावं, दर चौथ्या-पाचव्या फोटोनंतर सरकवून भागणार नाही.