घोडा मेला, तर भरपाई कोणी द्यायची?

‘माउंट अँड ब्लेड : वॉरबँड’ या खेळातील नवखा खेळाडू बहुधा पहिल्याच मोठ्या लढाईत घोडा गमावतो. समोर भालाइतांची रांग दिसते, तो टाच मारतो, वेग वाढतो आणि छातीत भाला बसताच घोडा मागच्या पायांवर उभा राहून जागीच थांबतो. मग चहूबाजूंनी घाव पडतात. पडलेला घोडा लढाईनंतर कधी कधी ‘लंगडा’ होऊन परत मिळतो. त्याच्यावर बसून पुन्हा रणात उतरल्यास तो कायमचाही जाऊ शकतो. म्हणूनच जुने खेळाडू सांगतात : भाल्यांवर समोरून जाऊ नका, वळसा घ्या, थांबू नका.

२२ जुलै १२९८ रोजी स्कॉटलंडमधील फॉलकर्क येथे इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या सरदारांनी नेमके याच्या उलट केले. विल्यम वॉलेसने आपले पायदळ लांब भाल्यांच्या चार दाट वर्तुळांत उभे केले होते. इंग्रज घोडदळ त्या वर्तुळांवर आदळले आणि अडकले. अखेरीस धनुर्धरांनी बाणांचा वर्षाव करून ती वर्तुळे विस्कळीत केली, तेव्हा कुठे घोडेस्वारांना आत शिरता आले. इंग्रज बाजूचे नाव घेण्याजोगे फार थोडे सरदार त्या दिवशी पडले. घोडे मात्र शंभराहून अधिक मेले.

हा आकडा कळतो कसा? मध्ययुगीन लढायांत माणसे किती मेली याविषयीही बखरकार वाटेल तसे आकडे फेकतात; मग घोड्यांची मोजदाद कोणी ठेवली? ती ठेवली राजाच्या कारकुनांनी, आणि त्यामागचे कारण निव्वळ पैशाचे होते.

मोहीम सुरू होण्यापूर्वी स्वार आपला युद्धघोडा कारकुनांपुढे उभा करी. मालकाचे नाव, घोड्याचा रंग, अंगावरील खूण आणि ठरलेली किंमत यांची नोंद होई. स्वाराचा पगारही या मूल्यांकनाच्या दिवसापासून सुरू होई. घोडा मोहिमेत मेला, तर नोंदलेली किंमत राजाने भरून द्यायची. या भरपाईला ‘रेस्टॉर’ म्हणत. निकामी झालेला घोडा राजाच्या तांड्यात किंवा दानधर्माच्या खात्यात जमा केला, तरीही मालकाला रक्कम मिळे. फॉलकर्कच्या मोहिमेच्या या याद्या आजही उपलब्ध आहेत.

या विम्याचे मोल पगाराकडे पाहिल्यावर कळते. तेव्हा साध्या चिलखती स्वाराला दिवसाला १ शिलिंग मिळे आणि २० शिलिंगांचा १ पौंड होई. म्हणजे १० पौंडांचा घोडा हा २०० दिवसांचा पगार. बड्या सरदारांचे घोडे याच्या कितीतरी पट महाग असत. असा घोडा भाल्यांच्या वर्तुळावर घालायचा, तर शौर्याइतकीच भरपाईची खात्रीही लागे.

खोगिराखालचे जनावर वाचवण्याचे इतर उपाय अपुरेच पडले. १३५६ साली प्वातिये येथे फ्रेंच घोड्यांच्या पुढच्या भागावर चिलखत होते. तेव्हा इंग्रज धनुर्धर बाजूला सरकले आणि त्यांनी उघड्या पुठ्ठ्यांवर बाण सोडले. १४१५ साली आझँकूर येथे जखमी, बिथरलेले घोडे माघारी फिरून आपल्याच पायदळात घुसले. इंग्रजांनी शोधलेला उपाय सर्वांत साधा होता : उतरून लढणे. १३४६ साली क्रेसी येथे त्यांचे सरदार पायी उभे होते आणि घोडे मागे, गाड्यांच्या कोटात. घोडा रणात उतरेनासा झाला, तसे रेस्टॉरचेही प्रयोजन उरले नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती प्रथा मागे पडली.

अर्थात कोटात ठेवलेला घोडाही मरतोच. एप्रिल १३६० मध्ये शार्त्र्जवळ तिसऱ्या एडवर्डच्या सैन्याला गारपिटीने गाठले, तेव्हा हजारो घोडे दगावल्याचे बखरकार सांगतात. आकड्यात अतिशयोक्ती असेल. पण थंडी, उपासमार, रोगराई आणि समुद्रप्रवास हे बाणांपेक्षा कमी घातक नव्हते. वॉरबँडमध्ये सैनिकांना अन्न लागते, घोड्याला चारा लागत नाही. त्या खेळातील सर्वांत अनैतिहासिक गोष्ट बहुधा हीच.

घोड्याची ओळख कागदावर आणण्याची गरज केवळ इंग्लंडला भासली नाही. फॉलकर्कच्याच काळात दिल्लीत अलाउद्दीन खलजीने घोड्यांवर ‘दाग’ देण्याची आणि सैनिकांचा ‘हुलिया’ नोंदवण्याची पद्धत राबवली. चांगला घोडा दाखवून ऐनवेळी मरतुकडे तट्टू आणण्याची लबाडी त्यामुळे रोखता येई. पुढे मराठी फौजेत मालकीचा हा प्रश्न दोन शब्दांत विभागलेला दिसतो. शिलेदार स्वतःचा घोडा आणी. बारगिराला सरकारी पागेतला घोडा मिळे. शिलेदाराचा घोडा हीच त्याची उपजीविका. भरपाईची हमी नसलेला स्वार घोडा जपून वापरतो, ही गोष्ट अठराव्या शतकात हिंदुस्थानी घोडदळ पाहणाऱ्या युरोपीय लेखकांनी टिपली आहे. त्यांनी तिला अनेकदा भित्रेपणा म्हटले, ते मात्र अन्यायाचे होते.

बारगिराची अडचण उलटी. घोडा सरकारचा, तर त्याची काळजी कोण घेणार? सभासदाच्या बखरीनुसार शिवाजी महाराजांच्या पागेत २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. तरीही निष्काळजीपणाची धास्ती होतीच. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात चिपळूण परिसरातील छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात न लावण्याच्या ताकिदीसाठी ते आज सर्वत्र उद्धृत होते. पण त्याचा बराचसा भाग घोड्यांच्या पोटाविषयी आहे. दाणा आणि गवत आताच उधळले, तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडे उपाशी मरू लागतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे त्यात बजावले आहे. पुढे आगीची चिंता आहे : कोणी गवताजवळ चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, कोणी रात्री दिवा तसाच जळता ठेवील. त्या दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि चाऱ्यावाचून सगळी पागा बुडेल.