मंटोंनी न सांगितलेला धर्म

जानेवारी १९४८ मध्ये सआदत हसन मंटो मुंबई सोडून लाहोरला गेले. त्याच वर्षी त्यांचं ‘सियाह हाशिये’ प्रसिद्ध झालं. फाळणीच्या दंगलींवरच्या छोट्या छोट्या कथा; काही तर दोन-चार ओळींच्याच. उर्दूत या प्रकाराला ‘अफसांचा’ म्हणतात. पुढे जोगिंदर पॉल यांनी तो जोपासला.

तरक्कीपसंद लेखक त्या पुस्तकावर नाराज झाले. मला मात्र त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. मारणारा कोणत्या धर्माचा, मेलेला कोणत्या, हे मंटो अनेक कथांत सांगतच नाहीत. ती रिकामी जागा वाचकानं भरायची, आणि भरताना आपलंच मन तपासायचं.

आज मराठीत ‘अलक’, म्हणजे अति लघुकथा, व्हॉट्सअॅपच्या गटांत लिहिल्या जातात. आम्ही काही मित्रांनीही असा गट केला. एकदा दंगलीवरची अलक आली. लगेच प्रश्न आला, “यातला मारेकरी आमचा की तुमचा?” गट तिथेच फुटला असता. मी मंटोंची आठवण करून दिली. तेव्हापासून एकच नियम आहे : कथेत जे लिहिलेलं नाही, ते लेखकाला विचारायचं नाही, स्वतःला विचारायचं.

गट अजून टिकून आहे.