ओल्ड वॉर्डनचीं विमानें

युद्धांत वापरलेलीं शस्त्रें कालांतरानें मुकीं होतात. आपल्या गडांवरील तोफांवर आज मुलें घोडा घोडा खेळतात. त्या तोफांचा आवाज कसा होता हें सांगणारा कोणी उरलेला नाहीं. विमानांचें मात्र तसें नाहीं. इंग्लंडांत बेडफर्डशर परगण्यांत ओल्ड वॉर्डन नांवाचें एक खेडें आहे. तेथील गवताच्या मैदानावरून पहिल्या महायुद्धाच्या काळचीं विमानें उन्हाळ्यांत अजूनही आकाशांत चढतात, आणि तीं पाहावयास कुटुंबेंच्या कुटुंबें शिदोरी बांधून येतात. आम्हीही एकदां मुलांना घेऊन गेलों होतों.

सतरंज्या पसरून लोक बसले होते. एखाद्या जत्रेसारखाच तो देखावा होता. सर्वांत जुन्या विमानाला मात्र वारा सोसत नाहीं. संध्याकाळीं वारा अगदीं पडला तरच तें बाहेर काढतात. १९०९ सालीं बांधलेलें हें ब्लेरिओ विमान. ह्याच जातीच्या विमानांतून लुई ब्लेरिओ यानें २५ जुलै १९०९ रोजीं इंग्लिश खाडी ओलांडली. ओल्ड वॉर्डनचें विमान आतां मैदानावरच चार हात वर उडून पुन्हां खालीं टेकतें. तरी तेवढ्यानें लोकांना हर्ष होतो.

आम्हांला मात्र पहिली ओळख पटली ती वासानें. त्या काळच्या कित्येक विमानांत पंख्याबरोबर सबंध एंजिनच गरगर फिरे, आणि त्याला वंगण म्हणून एरंडेल लागे. कारण पेट्रोलांत तें सहसा विरघळत नाहीं. लहानपणीं ज्या तेलानें आमचीं तोंडें वाकडीं होत, त्याचाच वास परदेशच्या मैदानावर दरवळत होता! १९१८ सालीं विमानांसाठीं एरंडाची लागवड करावी म्हणून अमेरिकेनें बियाणें मागविलें, तें हिंदुस्थानांतून.

मग एस. ई. ५ ए. जातीचें लढाऊ विमान आलें. लांकडी सांगाडा, त्यावर ताणलेलें कापड, पुढें दोन मशिनगनी. तें डोक्यावरून जातांच सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. आमच्या मुलीनें विचारलें, "बाबा, ह्यानें खरोखर कोणाला पाडलें होतें का?" होय, पाडलें होतें. १० नोव्हेंबर १९१८ रोजीं ह्या विमानानें एक जर्मन फोकर पाडल्याची नोंद आहे. दुसऱ्याच दिवशीं युद्ध थांबलें. एक दिवस निभावला असता तर ती झुंज झालीच नसती. युद्धानंतर ह्याच विमानाकडून आकाशांत धुराचीं अक्षरें काढून जाहिराती लिहविण्याचें काम घेत असत. टाळ्या वाजविणारे आमचे हात मुलीच्या प्रश्नानें क्षणभर थबकले.

ह्याच जातीच्या विमानांतून एक हिंदी तरुणही लढला. इंद्रलाल रॉय हा कलकत्त्यास २ डिसेंबर १८९८ रोजीं जन्मला आणि लंडनांत शिकत असतां वैमानिक झाला. जुलै १९१८ मध्यें अवघ्या तेरा दिवसांत त्यानें दहा विजय मिळविले, आणि २२ जुलै रोजीं फ्रान्समध्यें हवाई झुंजींत तो पडला. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना त्या युद्धांत हवाई छत्री मिळत नसे. विमान पेटलें कीं वैमानिकाला सुटका नव्हती. त्याला वीसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. पुढें स्वतंत्र भारताच्या वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी हे त्याचेच भाचे.

आतां हीं विमानें टिकलीं कशीं, तें सांगतों. ओल्ड वॉर्डनच्या जहागिरीचा वारस रिचर्ड शटलवर्थ याला जुन्या मोटारींचा व विमानांचा विलक्षण नाद होता. वर सांगितलेलें ब्लेरिओ विमान त्यानें १९३५ सालीं मिळविलें. दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां तो वायुदलांत होता. २ ऑगस्ट १९४० रोजीं रात्रीच्या सरावांत त्याचें विमान कोसळलें. तो एकुलता एक मुलगा, वय एकतीस. ज्या यंत्रानें मुलगा नेला, त्याचें दर्शनही एखाद्या आईला नकोसें झालें असतें. डॉरथी शटलवर्थ यांनीं १९४४ सालीं मुलाच्या स्मरणार्थ विश्वस्तनिधि स्थापिला. विमानविद्या आणि शेती यांचें शिक्षण हा त्याचा हेतु होता. मुलाचीं विमानें त्या निधीनेंच जतन केलीं.

युद्धाच्या यंत्रांची जत्रा भरवावी कीं नाहीं, असा प्रश्न विचारी माणसाला पडतो. मुलें यंत्राच्या रूपानें मोहून जातात आणि आंत बसणाऱ्याला विसरतात, ही भीति खोटी नाहीं. परंतु यंत्रें दृष्टीआड केल्यानें तीं माणसें आठवतील, असेंही नाहीं. उपाय एकच: विमान दाखवितांना त्यांत बसणाऱ्याची गोष्टही सांगावी. परत येतांना मुलीनें इंद्रलालचें वय पुन्हां विचारलें, आणि आपल्या थोरल्या भावाकडे पाहून ती गप्प बसली. त्या मेळ्याचें सार्थक झालें तें तेथें.